पंधरा सेकंदांची सवलत

स्पर्धेच्या मैदानावर माझ्या खुर्चीला शेजार नसतो, आणि ही व्यवस्था माझीच आहे. मुलींच्या आंतरशालेय लेझीम व मनोरे स्पर्धेच्या नियमावलीत सहावं कलम आहे. परीक्षकांच्या खुर्च्या एकमेकींपासून वीस पावलांवर असाव्यात. परीक्षकांनी आपसात बोलू नये, कुठल्याही शाळेचा चहा घेऊ नये, शेवटची शिट्टी होईपर्यंत खुर्ची सोडू नये. हे कलम मी लिहिलं. त्यामुळे दर डिसेंबरात दोन दिवस मी मैदानाच्या कोपऱ्यात एकटा बसतो, मांडीवर लाकडी फळी आणि फळीवर गुणपत्रक घेऊन. वर्षाचे उरलेले दिवस एकटं राहायला मात्र मला कुठलंही कलम लिहावं लागलं नाही.

मी शालिकराम भोयर. नागपूरच्या महाल भागातल्या एका मुलांच्या शाळेत कवायत मास्तर. गाव सावनेरच्या पलीकडे, तिथली शेती धाकटा भाऊ पाहतो. लग्न मी केलं नाही. का नाही केलं, हे विचारणारी माणसं एकेक करून गेली, तेव्हा उत्तर तयार ठेवण्याचा त्रासही संपला. भोयर मास्तर फार कडक, असं लोक म्हणतात. मी कडक नाही, मी मोजतो. मोजणाऱ्या माणसाला कडक म्हटलं की न मोजणाऱ्यांची सोय होते.

मला नागपुरात एकच घर होतं, ते रामाजी मेश्रामचं. माझी स्वतःची खोली होती, पण मी घर म्हणतोय. रामाजी इंदोऱ्याकडच्या एका मुलींच्या शाळेत कवायत शिकवायचा. एकोणीसशे अडुसष्ट साली उन्हाळी शिबिरात आमची ओळख झाली, आणि ऑगस्टपर्यंत मी दर रविवारी त्याच्याकडे जेवायला जाऊ लागलो होतो. त्याची बायको इंदूबाई मला पाहिलं की काही न बोलता कणकेत आणखी एक मूठ पीठ घालायची. मुलगी सुमती तेव्हा आठ वर्षांची होती. तिला हातांवर उलटं चालायची खोड होती. भिंतीला टेकून उलटी उभी राहायची आणि तिथूनच मला विचारायची, "काका, मी सरळ हाओ का तुम्ही सरळ हाय?"

त्या वेळी स्पर्धेचे गुण कसे देत ते सांगितलं तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. शंभरपैकी वीस गुण 'एकंदर छाप' या नावाखाली असत. छाप म्हणजे काय, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. परीक्षकांना मात्र नेमकं माहीत होतं. छाप म्हणजे इस्त्रीचे फ्रॉक, पांढरे बूट, आणि ज्यांच्या आई-वडिलांना परीक्षक ओळखत असत अशा मुली. रामाजीच्या शाळेच्या मुली अनवाणी यायच्या, आणि इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतून यायच्या. एका वर्षी त्यांचा एकही पाय चुकला नाही, एक लेझीम खाली पडली नाही, आणि ज्यांचे दोन मनोरे कोसळले ती शाळा ढाल घेऊन गेली. रामाजीच्या मुलींना छापेत वीसपैकी सहा मिळाले होते.

मी मैदानावरच भांडलो. रामाजी भांडला नाही. घरी आल्यावर मला म्हणाला, "भांडून काय भेटते गा? तो तक्ताच बदलला पाहिजे."

तो तक्ता आम्ही बदलला. वर्षभर रविवार त्यातच गेले. जेवण झालं की इंदूबाई जमीन पुसून द्यायची आणि आम्ही खडूनं फरशीवर मैदान आखून बसायचो. छाप हा रकानाच काढून टाकला. डोळ्यांना दिसेल आणि बोटांवर मोजता येईल तेवढ्यालाच गुण. पाय चुकला तर एक वजा. रेषेबाहेर गेलं तर एक. लेझीम हातातून सुटली तर दोन. शेवटच्या मनोऱ्यावर वरच्या मुलीनं दोन्ही हात बाजूला पसरून तीन अंक मोजेपर्यंत स्थिर राहायचं, मुद्रा अपुरी राहिली तर एक. परीक्षक पाच. त्यांच्यातला सगळ्यात वरचा आकडा काढून टाकायचा, सगळ्यात खालचाही काढून टाकायचा, आणि मधल्या तिघांची सरासरी धरायची. म्हणजे एखाद्याचं प्रेम आणि एखाद्याचा दावा, दोन्ही एकदमच बाहेर. बेरीज बंद खोलीत स्पर्धा मंडळाचे चिटणीस वसंतराव करतील आणि पत्रकं लाखेच्या मोहरेनं बंद होतील. परीक्षकालाही कळणार नाही की आपला आकडा धरला की गाळला.

आणि मनोरा कोसळला तर पाच वजा. इथं मी अडलो होतो. लहान मुली, तीन-चार थर, एखादीचा पाय घामानं सटकतो, आणि वर्षाची मेहनत पाच गुणांनी जाते. मला ते बरोबर वाटेना. एका रविवारी मी म्हणालो, "पडल्यावर सावरण्यालाही किंमत पाहिजे. तीच मुलगी पंधरा सेकंदांत पुन्हा वर चढली तर तीन गुण परत द्यायचे."

रामाजीनं विचारलं, "तीच काहून? दुसरी चढली तं?"

"दुसरी म्हटलं की शाळा एक तयार पोरगी बाजूला ठेवतीन. जी पडली तिचीच हिंमत मोजली पाहिजे."

त्यानं मान डोलावली. नियमावली मंडळापुढे गेली तेव्हा सगळ्यांत जास्त कौतुक याच कलमाचं झालं. भोयर मास्तरांच्या काळजातही माणूस आहे म्हणायचा, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला त्या कलमाचा फार अभिमान होता.

एकोणसत्तरपासून स्पर्धा नव्या तक्त्यावर सुरू झाली. पहिल्याच वर्षी रामाजीची शाळा तिसरी आली, मग दुसरी, मग बाहत्तर साली ढाल इंदोऱ्याला गेली. त्या रात्री वस्तीतली माणसं ढाल बघायला रामाजीच्या दारात रांगेनं उभी होती म्हणे. मी गेलो नव्हतो. परीक्षकानं हरकतीची मुदत संपेपर्यंत, म्हणजे निकालापासून एक महिना, कुठल्याही शाळेच्या माणसाला भेटू नये, हेही कलम होतं. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीतले चार रविवार मी त्या घरी जात नसे. पाचव्या रविवारी गेलो की इंदूबाई म्हणायची, "सुटले का तुमचे उपास?"

त्र्याहत्तर साल. सुमती तेरा वर्षांची झाली होती आणि चार थरांच्या मनोऱ्यावर सगळ्यात वर तीच चढणार होती. मी माझ्या कोपऱ्यात होतो. रामाजीच्या शाळेला गुण देताना माझा हात नेहमीच आखडता असायचा, ते मला तेव्हाही माहीत होतं. मित्र आहे म्हणून एकही गुण जास्त गेला असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी मी त्यांच्या प्रत्येक पायावर डोळा ठेवायचो. लेझीम सुरेख झाली. शेवटचा मनोरा उभा राहिला, सुमती चढली, उभी राहिली, आणि खालच्या थरातली एक मुलगी गुडघ्यातून वाकली. सगळं डावीकडे कलंडलं. सुमती खाली पडली.

मी लगेच घड्याळाची कळ दाबली. तेच माझं काम होतं. पंधरा सेकंदांतलं एकही वाया जाऊ नये, ही तिच्यावर माया करायची माझी रीत होती. मी काट्याकडे पाहत राहिलो. लोक ओरडत होते, कोण काय ओरडत होतं ते मला कळलं नाही. अकराव्या सेकंदाला मी मान वर केली तर ती पुन्हा वर उभी होती. मला इतका आनंद झाला की पेन्सिलीचं टोक मोडलं. पाच वजा, तीन परत. मी ते स्वच्छ अक्षरांत लिहिलं.

ढाल दुसऱ्या शाळेला गेली. रामाजीची शाळा दोन गुणांनी मागे राहिली. संध्याकाळपर्यंत गावात झालं की भोयरानं आपल्याच दोस्ताले कापलं. कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. पण माझा चेहरा पाहून लोकांनी ठरवलं, आणि मलाही ते खरंच वाटलं, कारण माझा आकडा मला माहीत होता. शंभरपैकी एकोणऐंशी. एवढा कमी दुसऱ्या कोणी दिला असेल असं मला वाटेना.

तिसऱ्या दिवशी शाळेतला शिपाई कवडू म्हणाला की मेश्राम मास्तरच्या पोरीचा हात प्लॅस्टरमध्ये आहे. मला लगेच जावंसं वाटलं. मी सायकल काढली, दारापर्यंत आणली, आणि परत भिंतीला लावली. हरकतीची मुदत चालू होती. मी गेलो असतो आणि उद्या त्यांनी निकालावर हरकत घेतली असती, तर लोक म्हणाले असते, परीक्षक घरी जाऊन आला. त्यांचीच हरकत कमजोर झाली असती. मी त्यांच्यासाठीच गेलो नाही. एका तेरा वर्षांच्या मुलीला हे कोण समजावून सांगणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तीस दिवस मी कॅलेंडरवर खुणा केल्या.

एकतिसाव्या दिवशी संत्री घेऊन गेलो. रामाजीनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. "आज जरा काम हाये," म्हणाला. पुढच्या रविवारीही काम होतं. त्याच्या पुढच्या रविवारी दार उघडलंच नाही, पण आत भांड्यांचा आवाज येत होता. उन्हाळ्यानंतर कळलं की त्यानं नोकरी बदलली आणि तो कन्हानला राहायला गेला.

मग रविवार उरले. माणसाकडे रविवार इतके असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. सकाळी वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, हरवलेल्या माणसांच्या जाहिरातींसकट. मग खानावळ. खानावळीचा मालक नत्थूजी चांगला माणूस, पण त्याच्या वाढण्यात आग्रह नव्हता; पोळ्या किती, हे तो विचारत नसे, मीही सांगत नसे. दुपारी शुक्रवार तलावाला एक फेरी. परत आल्यावर खोलीत कवायतीची पुस्तकं नीट लावायची, ती आधीच नीट असायची. मला रामाजीची फार आठवण यायची. रागही यायचा. एवढ्या एका ढालीसाठी माणूस पाच वर्षांची मैत्री सोडतो? तक्ता आपण दोघांनी मिळून केला होता, मग तोच तक्ता त्याला लागू केल्यावर तोंड का फिरवावं? मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचो आणि नेहमी जिंकायचो. जिंकून झालं की खोलीत पुन्हा कोणी नसायचं.

पाच वर्षं अशी गेली. अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात मंडळानं ठरवलं की नव्या तक्त्यावरच्या दहाव्या स्पर्धेच्या निमित्तानं नियमावली तपासून घ्यावी. ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. वसंतरावांनी एक पत्र्याची पेटी माझ्या खोलीवर पाठवली. तिच्यात नऊ वर्षांची सगळी गुणपत्रकं होती, मोहरा फोडलेली. जो आकडा गाळला त्या पत्रकावर वसंतरावांनी लाल पेन्सिलीनं तिरपी रेघ मारलेली होती.

मी वर्षवार ढीग लावले. पहिल्या ढिगात माझं पहिलं पत्रक सापडलं, त्यावर लाल रेघ होती. दुसऱ्यावर होती. तिसऱ्यावर होती. मला वाटलं योगायोग असेल. मग मी माझीच पत्रकं वेगळी काढली. एकशे चौऱ्याण्णव निघाली. एकशे सत्त्याऐंशींवर लाल रेघ. नऊ वर्षं मी उन्हात बसून, तहान लागली तरी खुर्ची न सोडता, एकेक पाय मोजून दिलेले गुण वसंतरावांनी एकेक करून गाळले होते, कारण माझा आकडा दर वेळी सगळ्यात खालचा होता. नियम मीच केला होता. सात पत्रकं तेवढी गाळण्यातून वाचली होती, त्यातही दोन वेळा मला ताप होता असं आठवतं.

मग मला हसू आलं, आणि हसताना एकदम त्र्याहत्तरचा ढीग आठवला. मी तो घाईनं उपसला. रामाजीच्या शाळेची पाच पत्रकं : अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, पंच्याऐंशी, चौऱ्याऐंशी आणि माझे एकोणऐंशी. माझ्या एकोणऐंशीवर लाल रेघ. म्हणजे मी त्यांना हरवलंच नव्हतं. मी गणित पुन्हा केलं. माझ्या जागी शंभर धरून पाहिले, तरी ढाल अर्ध्याहून जास्त गुणानं जातच होती. मी काहीही लिहिलं असतं तरी निकाल तोच लागला असता.

त्या पत्रकावर माझ्याच अक्षरात काही शेरे होते. मनोरा कोसळला, वजा पाच. तीच मुलगी अकरा सेकंदांत, अधिक तीन. त्याखाली आणखी एक ओळ होती : मुद्रा अपुरी, एकच हात पसरला, वजा एक. त्या ओळीवरून माझी नजर गेली आणि पुढे सरकली. मला लाल रेघेपलीकडे काही दिसत नव्हतं. रविवारी सकाळी मी ते पत्रक घडी करून खिशात घातलं. गुप्त कागद बाहेर न्यायचा नाही, हे कलमही माझंच होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझं कलम मोडून कन्हानची बस पकडली.

बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. रामाजी, तू उगाच पाच वर्षं माझ्यावर रुसून बसला. हे बघ, माझा आकडा धरलाच नव्हता. मग तो आधी गप्प राहील, मग हसेल, मग इंदूबाईला हाक मारेल. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार, असे रविवार मला दिसत होते. कामठी गेली, नदीवरचा पूल आला. मी एवढा खूश कधी होतो ते आठवावं लागलं असतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात बारीक कोळशाची काळी धूळ बसली होती आणि एक तरुण मुलगी ती झाडत होती. मला पाहून तिनं झाडू भिंतीला टेकवला. "काका?" म्हणाली. सुमती अठरा वर्षांची झाली होती. ती मला आत घेऊन गेली. बुद्धाची तसबीर तीच होती, इंदोऱ्याच्या घरातली. इंदूबाई बाहेर आली, "बसा," म्हणाली, आणि आत गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण माझ्यासाठी काही वाढवून ठेवलेलंही नव्हतं.

सुमतीनं पाणी आणलं. उजव्या हातानं गडवा धरला होता आणि डावा हात कोपरात वाकलेला, पोटाशी धरल्यासारखा. तिनं गडवा ठेवला, खाली ठेवलेला पेला उचलायला डावा हात पुढे केला, तेव्हाही तो तेवढाच वाकलेला राहिला.

मी विचारलं, "हात दुखते का अजून?"

"दुखत नाई काका. सरळ नाई होत फक्त. डॉक्टर म्हणे पयलेच तुटला होता, मंग वरून त्याच्यावर जोर पडला, म्हणून हाड वाकडं बसलं."

"जोर कशाचा पडला?"

तिनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "चढली नाई का मी पुन्हा? हातानं धरूनच चढा लागते ना." मग थोडं हसून म्हणाली, "मले तवा याचाच आनंद होता का तीन मार्क वापस भेटले. वर गेल्यावर हा हात उचलतच नोता, तं मी एकच केला."

माझ्या खिशात ती ओळ होती. मुद्रा अपुरी, एकच हात. मी वीस पावलांवरून तिचा न उचललेला हात पाहिला होता आणि त्याचा एक गुण कापला होता. मी पेला तसाच धरून बसलो.

तेवढ्यात रामाजी आला. त्याचे केस पिकले होते. त्यानं मला पाहिलं आणि दारातच थांबला. मग परत अंगणात गेला तसा मीही उठून गेलो. आम्ही कडुलिंबाखाली उभे राहिलो. मी विचारलं, "इथं लेझीम घेतो का?"

"नाई. गणित शिकवतो आता."

मी खिशातला कागद काढला. बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला नीट आठवेना. मी एवढंच म्हणालो, "रामाजी, माझा आकडा धरलाच नव्हता. हे पाहून घे. ढाल माझ्यामुळे नाही गेली."

त्यानं कागद हातात घेतला, वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. शेरेही त्यानं वाचले असणार, पण त्याबद्दल तो बोलला नाही.

"ढालीचं कोण पाहून राहिलं गा," तो म्हणाला. "ढाल मी दुसऱ्याच दिवशी भुललो."

"मग माझ्यावर राग कशाचा? पाच वर्षं?"

आतून सुमती पुन्हा झाडायला बाहेर येत होती, त्यानं तिला हातानंच आत जायला सांगितलं. मग हळू आवाजात बोलू लागला.

"तू खुर्चीवर होता. तुले आयकू नसंल आलं. मी रेषेजवळ होतो, पोरगी माह्यापासून चार हातांवर पडली. तिनं माह्याकडं पाह्यलं. बाप म्हणून पाह्यलं तिनं. मी काय म्हटलं माहीत हाये तुले? लागलं का, असं नाई म्हटलं. मी म्हटलं, चढ वं सुमे, पंधरा हायेत. अन् मी मोजून राहिलो होतो. जोरजोरानं. एक, दोन, तीन. तिनं हात पोटाशी धरला होता तो मले दिसला, शालिक. दिसला, तरी मी मोजणं नाई थांबवलं."

मी म्हणालो, "कलम माझं होतं. तू तर तेव्हाच विचारलं होतं, तीच काहून म्हणून."

"कलम तुहं, पण तोंड माहं. कलमानं नाई सांगितलं तिले चढाले, मी सांगितलं." त्यानं चेहरा हातानं पुसला. "तिले मी इचारलं एक डाव. ते म्हणते, बाबा, मले तं आठवतबी नाई तुम्ही काय म्हटलं. खोटं बोलते. तिले आठवते."

मी पाच वर्षं ज्याच्याशी भांडून जिंकत होतो तो हा माणूस नव्हताच. मी म्हणालो, "मी ते कलम काढून टाकतो. या डिसेंबरच्या आधीच काढतो."

"काढ," तो म्हणाला. "बाकीच्या पोरींच्या कामी येईन."

इंदूबाईनं आतून विचारलं, जेवायला थांबणार का. रामाजीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, बस आहे. तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. फाटक उघडून धरलं आणि आपल्या पायांकडे पाहत उभा राहिला.

"शालिक, वाईट नको वाटू देऊ," तो म्हणाला. "तू दारात आला का मले माहा तोच आवाज आयकू येते. इंदोऱ्यात आला तवाबी येत होता, आजबी आला. म्हणून मी तवा दार नोतो उघडत. तुहा राग नाई मले, कवाच नोता. पण आता येत नको जाऊ."

"बरं," मी म्हणालो.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, पूर्वी ठेवायचा तसाच, आणि फाटक लावून घेतलं. मी रस्त्यानं चालू लागलो. त्याला राग असता तर मी आणखी पाच वर्षं काढली असती. राग कधीतरी उतरतो, मी त्याच भरवशावर रविवार ढकलत आलो होतो. यात उतरण्यासारखं काही नव्हतं. तो माझ्यावर अजूनही माया करत होता आणि मला पुन्हा कधी भेटणार नव्हता.

थांब्यावर पोचलो तेव्हा नागपूरची बस नुकतीच गेली होती. दुसरी यायला पाऊण तास होता. बाकावर कोणी नव्हतं, मी एका टोकाला बसलो.